खवल्यांवर जाऊ नकोस

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही — आणि बहिणीच्या कानावर घालायचं असं माझ्याकडे एरवी काही उरत नाही. तुम्हाला का सांगतेय? बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. समोर ओळखीचा चेहरा आला की मी आपोआप 'मॅडम' होते, आणि एकदा मॅडम झाले की मला कबूल काही करता येत नाही. सवयच नाही तशी.

नाशिकच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. मुलं मला घाबरायची, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. सायंटिफिक नावाखाली रेघ मारली नाही की मी अर्धा मार्क कापायचे. पहिलं अक्षर कॅपिटल नाही — आणखी अर्धा. एक अक्षर चुकलं की प्राणी बदलतो, असं मी वर्गात बजावायचे. हे वाक्य किती वर्षं म्हटलं असेल मी? आता आठवलं की कानशिलं तापतात.

आधी दोन सापांबद्दल सांगायला हवं. मण्यार आणि कवड्या. मण्यार आपल्याकडचा सगळ्यात विषारी साप म्हटला तरी चालेल. नागाच्याच कुळातला — इलॅपिडी. काळानिळा, कधी तपकिरीकडे झुकणारा, तकतकीत, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे, मोठ्या सापात मानेच्या बरेच खाली सुरू होणारे. तो चावला तर धड दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही, आणि काही तासांत माणसाच्या पापण्या मिटायला लागतात. कवड्या वेगळ्या कुळातला, कोलुब्रिडीतला. तपकिरी, मानेपासून पट्टेवाला, पालीच्या मागे घरात शिरणारा, बिनविषारी. वरवर बघितलं तर दोघं भाऊ-भाऊ वाटतात. शेकडो माणसं रोज गल्लत करतात. पण एक खूण अशी आहे की ती बघितल्यावर गल्लत होऊच शकत नाही. मण्याराच्या पाठीवर, अगदी मधोमध, खवल्यांची एक रांग असते. बाकीच्या खवल्यांपेक्षा मोठे, षट्कोनी. कवड्याला ते नसतात. बस, एवढंच. सहा कोन मोजता आले की झालं.

आमच्या प्रयोगशाळेत एक बरणी होती. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला वीतभर साप, वेटोळं करून ठेवलेला. बरणीवर देवरे सरांच्या वळणदार अक्षरातलं लेबल — लायकोडॉन ऑलिकस, कवड्या, बिनविषारी. देवरे सर आमचे विभागप्रमुख. मनाचे फार मोठे. मी तासिका तत्त्वावर लागले तेव्हा त्यांनीच मला सगळं शिकवलं, वह्या कशा तपासायच्या इथपासून. तो साप त्यांनी स्वतः विद्यार्थिदशेत सायखेड्याला, गोदावरीच्या काठी पकडलेला होता, हातरुमालात गुंडाळून सायकलवर आणलेला. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना ते ही गोष्ट रंगवून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, बिनविषारी सापाला काय घाबरायचं? मुलं हसायची. मीही हसायचे.

नोकरीचं दुसरं वर्ष असेल. एका दुपारी बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी तो साप चिमट्याने ट्रेमध्ये काढला, सहज म्हणून भिंग धरलं. पाठीवर मधोमध मोठ्या खवल्यांची रांग. षट्कोनी. मी मोजले, परत मोजले, मानेपासून शेपटीपर्यंत. पिल्लू होतं म्हणून पट्टे मानेपासूनच सुरू झालेले, आणि इतक्या वर्षांच्या फॉर्मॅलिनने काळ्याचा तपकिरी झालेला. म्हणून कोणाला संशय आला नव्हता. सर जो साप रुमालात गुंडाळून सायकलवरून मिरवत आणत होते, तो मण्यार होता.

मी काय केलं? साप परत बरणीत घातला, झाकण घट्ट लावलं आणि बरणी जागेवर ठेवली. पुढच्या महिन्यात माझी कायम होण्याची मुलाखत होती, आणि समितीत सर होते. त्यांनी राग धरला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं. उलट हसले असते, सगळ्यांना बोलावून दाखवलं असतं, स्वतःचीच फजिती रंगवून सांगितली असती. तरी मी मूग गिळून गप्प बसले. मनाशी म्हटलं, एकदा कायम होऊ दे, मग सांगू.

कायम झाले. नाही सांगितलं. मग वाटलं, आता सांगितलं तर सर विचारतील — इतके दिवस का गप्प होतीस? सर निवृत्त झाले, दोन वर्षांनी गेलेही, आणि बरणी माझ्या ताब्यात आली. आता तर मला अडवणारं कोणीच नव्हतं ना? लेबल बदलायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. पण तोवर त्याच बरणीवरून मी कित्येक मुलांना मार्क दिले होते. कवड्या लिहिणाऱ्यांना पूर्ण, बाकीच्यांना शून्य. चूक सरांची होती ती कधीच माझी झाली होती, आणि माझी चूक मला कोणाला दाखवायची नव्हती. इतकी साधी गोष्ट आहे ही.

तुम्ही म्हणाल, एका बरणीचं काय एवढं. मीही तेच म्हणत होते. मग यमुना आली.

यमुना गावित. पेठच्या पलीकडे, डोंगरात तिचं गाव. घरी भाताची नि नागलीची शेती, आणि काम संपलं की आईवडील द्राक्षांच्या बागेत मजुरीला खाली यायचे. घरातली कॉलेजात आलेली ती पहिलीच. वर्गात बोलायची नाही, कारण बोलली की मुलं तिच्या बोलण्याला हसायची. पण प्रॅक्टिकलला तिच्यासारखं बघणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही. बाकीची मुलं लेबल वाचून पाठ करायची — ही कडेला तडा गेलेली बरणी म्हणजे विंचू, ती हिरव्या झाकणाची म्हणजे गोम. यमुना लेबलाकडे बघायचीच नाही. बरणी उजेडात धरायची आणि आतल्या प्राण्याकडे बघत राहायची.

दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. त्यात टेबलांवर ओळीने नमुने मांडतात, नाव झाकून नुसता नंबर चिकटवतात; मुलांनी ओळखायचं, वर्गीकरण लिहायचं, एक कारण द्यायचं. स्पॉटर म्हणतो आम्ही त्याला. सात नंबरच्या स्पॉटरला ही बरणी होती. पेपर तपासायला मी आणि बाहेरून आलेले परीक्षक शेजारी शेजारी बसलो होतो. यमुनाचा पेपर माझ्याकडे आला. सात नंबरला तिने इंग्रजीत नाव लिहायचा प्रयत्न केला होता, स्पेलिंग जमलं नव्हतं, म्हणून शेजारी मराठीत लिहिलं होतं — मण्यार. कुळ इलॅपिडी. कारण — पाठीवरचे मधले खवले मोठे, सहा कोनांचे.

मी किती वेळ त्या ओळीकडे बघत होते कोण जाणे. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बरणीत काय आहे ते बघितलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? शिक्षिका होते मी. पण शेजारी परीक्षक होते, त्यांच्यासमोर उत्तरांची यादी होती, आणि ती मीच केलेली होती. त्यांनी वाकून पाहिलं, म्हणाले, हिने मण्यार लिहिलंय की. मी लाल पेन घेतला आणि उत्तरावर फुली मारली. शून्य दिलं. स्पेलिंगही चुकलंय, असं वर म्हणाले.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ... पण नाही, थांबलं नाही.

निकालानंतर यमुना प्रयोगशाळेत आली. भांडायला नाही, तिला भांडता येतच नव्हतं. तिने विचारून बरणी काढली, खिडकीजवळ नेली, भिंग धरलं आणि मला म्हणाली, "मॅडम, हे बघा ना. सहा कोन हायेत. आमच्याकडं लय निघतो हा. हा मण्यारच."

प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. निकम मामा — आमचे प्रयोगशाळेतले जुने कर्मचारी — बाहेर व्हरांड्यात काचेच्या नळ्या धूत होते. खरं सांगायला यापेक्षा सोपी वेळ कोणती मिळणार होती? ती मुलगी खूश झाली असती, घरी जाऊन आईला सांगितलं असतं, आणि विषय तिथेच संपला असता. त्याऐवजी मी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं, आणि म्हणाले, "खवल्यांवर जाऊ नकोस. खवले फसवतात. फॉर्मॅलिनमध्ये फुगतात, ताज्या सापातही लहान-मोठे होतात. आकार बघ, रंग बघ. असा बारका, तपकिरी, मानेपासून पट्टे — कवड्याच असतो."

शास्त्र म्हणून सांगितलं हो मी तिला हे. त्यात एक अक्षर खरं नव्हतं.

तिने भिंग खाली ठेवलं. मग तिने वही काढली आणि मी बोलले ते लिहून घेतलं. शब्द न् शब्द. ती वहीत वाकून लिहीत होती आणि मी तिच्या भांगाकडे बघत उभी होते, हे मला लख्ख दिसतं अजून.

यमुना बीएस्सी झाली, गावी गेली. त्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या वर्गातल्या एका मुलीचा फोन आला — दुसऱ्याच कशासाठी तरी. बोलता बोलता म्हणाली, मॅडम, यमुनाची आई गेली, कळलं का? मण्यार चावला. आणि यमुनानेच तो कवड्या म्हणून सांगितला होता म्हणे.

मी फोन ठेवला. भेदरले होते, हे खरं आहे. पण त्यानंतर मी जे केलं ते भेदरलेल्या माणसाने केलेलं नव्हतं. ते अगदी नीट, विचार करून, सुवाच्य अक्षरात केलेलं होतं.

मी प्रयोगशाळेत गेले. बरणीचं लेबल ओल्या कापसाने भिजवून सोडवलं. नवा कागद त्याच मापाने कापला आणि देवरे सरांचं वळण काढून लिहिलं — बंगारस सेरुलियस, मण्यार, विषारी. कागद फारच पांढरा दिसत होता. मग मी चहा मागवला. पिण्यासाठी नाही. चहात कापूस बुडवून तो कागदावर फिरवला, वाळवला, परत फिरवला, जुन्यासारखा पिवळट दिसेपर्यंत. निकम मामा डिंकाची बाटली घेऊन आले, माझ्या हातातल्या कागदाकडे त्यांनी पाहिलं. "डिंक घट्ट झालाय मॅडम, पाणी घालून देतो," एवढंच म्हणाले आणि दिला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मी चूक दुरुस्त केली, असं म्हणता येईल का? मी स्वतःला तसं सांगून पाहिलंय. पण दुरुस्ती करणारा माणूस कागदाला चहा लावत नाही. यमुना बरणी बघायला येईल हे मला माहीत होतं.

ती पंधरा दिवसांनी आली. वाळली होती. बस म्हटलं तरी बसली नाही. मला फक्त ती बरणी बघायची आहे, म्हणाली. आणि मग, न विचारता, तिने सगळं सांगितलं. भात झोडून झालं होतं, घरात पेंढा होता. पहाटे आईच्या गोधडीतून बारका साप निघाला. चुलत्याने मारला. आईच्या दंडाला जराशी खाज होती, दुखत काहीच नव्हतं. चुलता म्हणाला, मण्यार दिसतोय, दवाखान्यात नेऊ. यमुनाने मेलेला साप काठीने उचलून अंगणात उजेडात ठेवला, वाकून बघितला. गावात साप निघाला की आता तिलाच विचारायचे — शिकलेली ना ती. खवले तिला दिसले. सहा कोन दिसले. पण बारका होता, तपकिरी होता, मानेपासून पट्टे होते. कवड्या आहे, घाबरू नका, असं तिने सगळ्यांना सांगितलं. आईनेच चहा केला मग. सूर्य वर आला तेव्हा पोटात दुखायला लागलं, नंतर पापण्या उघडेनात. जीप मिळेपर्यंत, खाली आणेपर्यंत... तिने पुढचं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मी बरणी काढून तिच्या हातात दिली.

तिने लेबल वाचलं. बराच वेळ वाचत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, पेपरात मी मण्यार लिहिलं होतं ना? तुम्ही फुली मारली होती."

ऐका आता. यासाठीच एवढं सगळं सांगत आलेय मी. ही मुलगी एकच गोष्ट विचारायला डोंगरातून एवढ्या लांब आली होती — आईला मी मारलं का? तिला दुसरं काही नको होतं. उत्तर माझ्याकडे होतं, जगात फक्त माझ्याकडे होतं. आणि मी म्हणाले, "नाही गं. तू कवड्या लिहिलं होतंस. म्हणून तर शून्य दिलं."

ती म्हणाली, पण तुम्ही म्हणाला होता, खवल्यांवर जाऊ नकोस.

"रंगावर जाऊ नकोस म्हणाले होते. रंग फसवतो. खवले कसे फसवतील?"

किती सहज आलं ते तोंडून. वर्गात बोलायचे त्याच आवाजात. मी तिच्या खांद्यावर हातही ठेवला. तिने परत लेबलाकडे पाहिलं — पिवळट, जुनं, सरांच्या अक्षरातलं. एका बाजूला तिची आठवण, दुसऱ्या बाजूला मॅडम आणि हे लेबल. ती काय करणार? मला दिसत होतं तिच्या चेहऱ्यावर, ती आठवण उलटी फिरवून बघत होती, बसवून बघत होती. आणि शेवटी बसली ती. "मीच उलटं धरलं मग," ती म्हणाली. बरणी तिने स्वतः कपाटात ठेवली, काळजीपूर्वक. जाताना म्हणाली, माफ करा मॅडम, तुमच्यावर उगीच संशय घेतला.

वही? ती वही तिच्याकडे असणार, हे मला नंतर घरी गेल्यावर सुचलं. पाचावर धारण बसली माझी. कित्येक दिवस फोन वाजला की दचकायचे. मग कोणाकडून तरी कळलं की आईचे दिवस झाल्यावर तिने कॉलेजच्या सगळ्या वह्या चुलीत घातल्या. तुम्हाला काय वाटतं, हे ऐकून मला रडू आलं? मला त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोप लागली.

बाकी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांनी लेबल वाचलं, पाठ केलं, मण्यार लिहिलं, मी पूर्ण मार्क दिले. निवृत्तीच्या समारंभात एक जण म्हणाला, मॅडमनी आम्हाला बघायला शिकवलं. टाळ्या पडल्या. मी हात जोडले.

गेल्या वर्षी नाशिकातच द्वारका चौकात रिक्षासाठी उभी होते, तर मागून 'मॅडम' अशी हाक आली. यमुना. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी, हातात डबा. लग्न झालं, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगला आहे, तिकडेच चाळीत राहते. बरी दिसत होती. त्या गर्दीत वाकून ती माझ्या पाया पडली आणि लेकीलाही पडायला लावलं — ह्या माझ्या मॅडम, म्हणाली. मी विचारलं, सध्या काय, साप वगैरे बघतेस की नाही? असं मी विचारलं. कसं विचारवलं मला, सांगता येणार नाही. ती हसली. त्यांच्या चाळीमागे मोकळं रान आहे, तिथून अधूनमधून साप येतात, कोणाला तरी कळलंय की ही बीएस्सी झालेली आहे, मग तिला बोलवायला येतात. "मी सरळ सांगते मॅडम, मला साप ओळखता येत नाय. मला विचारू नका."

रिक्षा आली. मी तिच्या लेकीच्या गालाला हात लावला आणि बसले. तिच्याजवळ तेव्हाही खरं बोलले नाही.

तिला साप ओळखता येत होता. आमच्या सगळ्या विभागात, मला सोडलं तर, देवरे सरांना नाही, त्या परीक्षकांना नाही, वर्षानुवर्षांच्या मुलांपैकी कोणाला नाही — तिला एकटीला येत होता. मी ते ओळखणं तिच्याकडून काढून घेतलं, आणि आई गेल्यावर तिने परत मागितलं तेव्हाही दिलं नाही.